राजीखुशीची सही

मैत्रिणींनो, भोरच्या निबंधक कार्यालयाबाहेर कधी तासभर बसून पाहा. माहेरी आलेली बहीण भावांबरोबर रिक्षातून उतरते. आत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते, नाहीतर अंगठा उठवते. कागदावर लिहिलेले असते, ‘राजीखुशीने’. बाहेर आल्यावर भाऊ तिला चहा पाजतो. तिच्यावर कोणी हात उगारलेला नसतो. पण सही नाकारली तर माहेरचा उंबरठा बंद होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. ही सही राजीखुशीची म्हणायची का?

सरकारने माणसाच्या व्यवहारात लुडबूड करू नये, असे म्हणणाऱ्या स्वतंत्रतावाद्यांना मला हाच प्रश्न विचारायचा आहे. त्यांचे म्हणणे साधे आहे : माणूस स्वतःचा मालक, घामाने मिळवलेले त्याचे, दोघांनी राजीखुशीने व्यवहार केला की तो न्याय्य, जबरदस्ती करते ते सरकार.

आम्हा भोर-वेल्हेकरांना हे पटकन पटते. भाटघर, पानशेत, वरसगाव... धरणांसाठी जमिनी कोणी घेतल्या? सरकारनेच. सातबारावर नाव बाप्याचे, म्हणून मोबदलाही त्याच्याच हाती. सरकार म्हणजे मायबाप, असा आमचा भ्रम केव्हाच फिटला आहे.

महाराष्ट्रात हा विचार शरद जोशींनी खेड्यापाड्यांत नेला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. डाव्या पक्षांनी संघटनेला बड्या शेतकऱ्यांची म्हणून हिणवले. पण बाईच्या नावे जमीन करायचा एवढा खटाटोप त्यांच्यापैकी किती जणांनी केला? हे श्रेय दिलेच पाहिजे.

पण तीही जमीन नवऱ्याने राजीखुशीने द्यायची होती. ज्याने दिली नाही, त्याच्या बायकोने काय करायचे? मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला तो कोणाच्या मनाच्या मोठेपणातून नव्हे, कायद्यातून : महाराष्ट्रात १९९४ साली, देशभर २००५ साली. म्हणजे लुडबूड सरकारनेच केली, आणि ती आपल्याला हवी होती.

अमेरिकेतल्या रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली या विचाराची भक्कम मांडणी केली. सुझन मोलर ओकिन या स्त्रीवादी अभ्यासक बाईंनी १९८९ साली त्यांना बिनतोड सवाल केला : आपण निर्माण केले ते आपले, तर मग पोटच्या पोराची मालक आई का नाही? म्हणजे बाळंतपण, सांभाळ, चूल या सगळ्याला त्या हिशेबात जागाच नाही.

सरकार बाजूला झाले की सत्ता नाहीशी होते, हाही भ्रमच. शेजारीच पाहा. मुळशी आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या १८ गावांच्या हद्दीत लवासा हे खाजगी शहर उभे राहिले. २००२ साली कृष्णा खोरे महामंडळाने वरसगाव जलाशयालगतची जमीन कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. २००८ साली नगररचनेचे अधिकारही कंपनीकडेच गेले. ग्रामसभेत निदान हात वर करता येतो. कंपनीच्या सभेत ज्याचे शेअर त्याचे मत. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तोवर तिथला डोंगर खणून झाला होता.

स्वतंत्रतावादी म्हणतील, ही खरी खुली बाजारपेठ नव्हेच, ही सरकारशी संगनमताची आहे. मान्य. पण १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हाही कंपनीच्या पाठीशी सरकारचा भूसंपादन कायदा होताच. शंभर वर्षांत पैसेवाल्याला सरकार नको झाले, असे मावळाने तरी पाहिलेले नाही. सरकारचा हात नको असतो तो गरिबाच्या बाजूने उठतो तेव्हा.

एरवी लावणीला मालक देईल त्या मजुरीत चिखलात उतरावे लागे. रोजगार हमीचे काम मिळाले, तेव्हा ‘एवढ्यात येत नाही’ असे बाईला म्हणता आले. स्वातंत्र्य म्हणजे आणखी काय असते? ‘नाही’ म्हटल्यावरही घरची चूल पेटती राहणे.

म्हणून आपली भूमिका ‘सरकार हवे की नको’ एवढी सोपी नाही. धरणाखाली घर बुडवणाऱ्या सरकारशी आपण भांडू आणि वाटणीचा कायदा राबवायलाही त्यालाच भाग पाडू. पण सुरुवात घरातून करू या. येत्या भाऊबीजेला ओवाळून झाले की भावाला सातबारा दाखवायला सांगा. मग ताटात काय पडते ते पाहू.