ट्रॅडिशनल डे आणि शिमगा

दरवर्षी गॅदरिंगच्या आधी आपल्या कॉलेजात ट्रॅडिशनल डे होतो. मुली नऊवारी नेसतात, मुलं फेटे बांधून येतात, ढोल वाजतो, भरपूर फोटो निघतात आणि संध्याकाळी भाड्याचे फेटे परत जातात. मजा येते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण "अशानेच आपली संस्कृती टिकते" असं कुणी स्टेजवरून म्हटलं की ते पटत नाही. नुसत्या कपड्यांनी संस्कृती टिकत असती, तर ड्रेपरीवाल्यांसारखे संस्कृतिरक्षक दुसरे कोणी नसते!

मग ती टिकते कशाने? माझ्या मते, कामाने. आमच्या रत्नागिरीकडचा शिमगा बघा. फाल्गुनात ग्रामदेवतेची रुपं पालखीत बसतात. होळीसाठी कुठे आंबा, कुठे माड, कुठे पोफळ ठरते आणि गावकरी ते झाड खांद्यावरून वाजतगाजत आणतात. उभं करताना दोर कुठून ओढायचा, टेकू कधी द्यायचा, हे म्हाताऱ्यांना माहीत असतं आणि दोर धरलेल्या पोरांना ते तिथेच कळतं. मेकॅनिक्सचं हे प्रॅक्टिकल जर्नल कॉपी करून सबमिट होत नाही! पुढे पालखी घरोघर जाते. गाऱ्हाणं घालताना मुंबईला गेलेल्यांचीसुद्धा आठवण निघते आणि सगळे मिळून 'होय महाराजा' म्हणतात. नमन-खेळ्यांत मृदंग कुणी वाजवायचा, संकासुर कोण होणार, सगळं ठरलेलं असतं. प्रेक्षक म्हणून कुणी उरतच नाही. म्हणून चाकरमानी रजा टाकून, गाडीत उभं राहून का होईना, गावी येतो. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हे येणं सोपं झालं, पण ओढ त्याआधीचीच.

आता कुणी म्हणेल, या परंपरेत सगळंच चांगलं आहे का? अजिबात नाही. मान घराण्यांवरून ठरतात, मानावरून भांडणं होतात, कधीकधी पालखीसुद्धा अडते. बऱ्याच गावांत पालखी खांद्यावर घेतात ते पुरुषच, बायकांनी ओवाळायचं आणि ओटी भरायची. हे बदललं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. पण ते बदलायला गावच्या बैठकीत जाऊन बोलावं लागतं. जो शिमग्याला गावात पाऊलच ठेवत नाही, त्याचं कोण ऐकणार? परंपरा मोडायची असो वा राखायची, आधी तिच्यात असावं लागतं.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, सरांना विनंती, की होळीच्या आठवड्यात इंटर्नल टेस्ट ठेवू नका. अटेंडन्सच्या धाकाने कोकणातली मुलं चार वर्षं शिमगा चुकवतात, आणि शिकणाऱ्यांची एक अख्खी बॅच तिथे कमी पडते. दोन, ट्रॅडिशनल डेला प्रत्येकाने कपड्यांबरोबर आपल्या गावचं एक काम आणावं. विदर्भातल्याने पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे कसे शेकतात ते सांगावं, नंदुरबारच्याने भोंगऱ्या बाजारातला ढोल वाजवून दाखवावा, बिहारच्या मित्राने छठचा ठेकुआ मेसमध्ये करावा.

आणि ज्याला असं एकही काम आठवणार नाही, त्याने येत्या सुट्टीत आजीला फोन करून विचारावं. विचारायला आजी आहे तोवरच!