चिमणीचे दात

शाळेत मधल्या सुट्टीत पेरू वाटून खायचा असला की आमच्याकडे एक भारी सोय होती. पेरूवर शर्टाचं टोक धरायचं आणि वरून कचकन चावायचं. असा तोडलेला तुकडा उष्टा होत नाही! याला म्हणायचं 'चिमणीच्या दातांनी तोडणं'. कापडातून थुंकी जाते की नाही, असला सायन्सचा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. मला तो पडला थेट पस्तिशीत. लहान मुलांच्या डेंटिस्टकडे, तीन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसलो असताना.

घरी तिला आम्ही चिमणीच म्हणतो. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, वर्षभरापूर्वी एक पांढरट पट्टा दिसायला लागला होता. मला वाटलं, दुधाचा थर असेल. मग पट्टा पिवळा झाला. मग तपकिरी. आई दोनदा म्हणाली, "अरे, एकदा दाखवून तरी आण." मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, "दुधाचेच दात ना आई, पडणारच आहेत." इतकं शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर आई गप्प बसली. आणि एका रात्री चिमणी गालाला हात लावून रडत उठली. दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडासुद्धा चावेना.

डॉक्टर मॅडमनी आरशात बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "रात्री झोपताना बाटली देता?"

देतो म्हणजे काय, ते माझंच खातं! रात्री परदेशातल्या क्लायंटचा कॉल असतो. दुधाची बाटली तोंडात दिली की चिमणी पाच मिनिटांत गुडूप.

"साखर घालून?"

"एकच चमचा."

"आणि बाबा, तुमचे स्वतःचे दात शेवटचे कधी दाखवलेत?"

हा बाउन्सर होता. माझ्या खालच्या दाढेत दोन वर्षांपासून खड्डा आहे. आधी रिलीज होतं, मग अप्रेझल आलं, मग 'नेक्स्ट क्वार्टरला बघू'. तुमच्यातल्या निम्म्यांना ही दाढ ओळखीची असेल.

आता माझ्या दाढेचा चिमणीच्या दातांशी काय संबंध? तर मंडळी, बराच आहे. आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, पण ही कीड म्हणजे अळी नव्हे. हे बॅक्टेरिया. त्यांच्या टोळीतला सगळ्यात बदनाम दादा म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. किलियन क्लार्क नावाच्या संशोधकाने १९२४ साली किडलेल्या दातांतून तो शोधून काढला. पुढे १९६० साली अमेरिकेत पॉल कीझ यांनी हॅमस्टरवर प्रयोग केले. काही हॅमस्टर भरपूर साखर खाऊनही ठणठणीत राहिले. त्यांना किडक्या दातांच्या हॅमस्टरबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं, तर त्यांचेही दात किडले. म्हणजे कीड एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

आणि माणसाच्या पिल्लाकडे ती येते जवळच्या माणसांच्या लाळेतून. आई, बाबा, आजी, पाळणाघरातले दोस्त. मऊ भात गरम नाही ना, हे आपण आपल्या ओठाला लावून बघतो आणि तोच चमचा बाळाला भरवतो. बाळाच्या पहिल्या घासाच्या समारंभाला आपण नावच दिलंय 'उष्टावण'!

हे ऐकून मी घरी आलो तो थेट नवी पॉलिसी घेऊन. चमचे वेगळे, पेले वेगळे, पापी बंद. बायकोने कपाळाला हात लावला. आईचा चेहरा मात्र पडला. चिमणी घास घेऊन तिच्याकडे धावली, तर आईने हात मागे घेतला. ते काही मला बघवलं नाही.

पुढच्या व्हिजिटला मॅडमना ही पॉलिसी अभिमानाने सांगितली, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "एका घरात राहून जंतू कसे अडवणार? पाहुणे येणारच हो. तुम्ही त्यांना जेवायला किती वेळा वाढता, ते सांगा." मग मी जरा वाचलं. जपानमधल्या मौखिक आरोग्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली हेच सांगितलंय. चमचे-वाट्या वेगळ्या ठेवल्याने मुलांची कीड टळते, याला पक्का आधार नाही. बाळ वरचं खायला लागायच्या आधीच आईच्या तोंडातले जंतू त्याच्याकडे पोचलेले असतात. तेव्हा आजीच्या पापीवरची बंदी उठवली. त्याच संध्याकाळी!

मग माझी दाढ सुटली का? नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८०च्या आसपास संशोधकांनी तोंडात म्युटन्सचं प्रमाण फार असलेल्या आयांना हाताशी धरलं. त्यांचे दात दुरुस्त केले, स्वच्छता आणि खाणंपिणं सुधारलं. त्यांच्या मुलांच्या तोंडात हे जंतू उशिरा बसले आणि मुलांचे दातही कमी किडले. एक चमचा लपवून काही होत नाही. ज्या तोंडात वारूळ आहे, तेच साफ करावं लागतं.

आणि आता ते 'जेवायला वाढणं'. जंतूंना साखर मिळाली की ते ॲसिड बनवतात. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते, ॲसिड धुते, कवचात पुन्हा कॅल्शियम भरते. पण त्यासाठी तिला अर्धा तास तरी निवांत हवा. आपण काय करतो? दहा वाजता बिस्किट, साडेदहाला ज्यूस, अकराला 'एवढंसं' चॉकलेट. प्रत्येक वेळी घड्याळ परत शून्यावर! रात्रीची बाटली तर सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळच कमी होते. गोड दूध रात्रभर वरच्या दातांशी खेळत बसतं. म्हणून चिमणीचे नेमके तेच दात गेले. खालचे पुढचे दात जिभेच्या आड असतात, ते वाचले.

म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हा हिशेब मोठा. हा हिशेब ज्या प्रयोगातून ठसला, तो स्वीडनमधल्याच व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत १९४०च्या दशकात झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या चारून. शरमेची गोष्ट. पण त्यातूनच तिकडे मुलांना खाऊ फक्त शनिवारी द्यायची रीत पडली. आमच्याकडेही आता गोळ्या-चॉकलेटं शनिवारीच. पहिले दोन आठवडे रडारड झाली. आता चिमणी गुरुवारपासून विचारते, "उद्या शनिवार?"

राहिला माझा तो लाडका डायलॉग, 'पडणारच आहेत'. दुधाचे दात वीस. पुढचे साधारण सातव्या वर्षापर्यंत पडतात हे खरं, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. आत पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते. आणि दुखतं, हो! तीन वर्षांच्या बाळालाही आपल्याइतकंच दुखतं. फक्त कुठे ते त्याला सांगता येत नाही.

चिमणीचा एक दात काढावा लागला. एकाच्या मुळाशी ट्रीटमेंट झाली. उरलेल्या दोघांना चांदीचं औषध लावलं. त्याने कीड थांबते, पण डाग काळा पडतो. तिथे पक्का दात यायला अजून तीन-चार वर्षं आहेत. निघताना मॅडम सहज म्हणाल्या, "तो पांढरा पट्टा होता ना, तेव्हा आला असतात तर नुसत्या फ्लोराईडने भरून आला असता." हे वाक्य तेवढं अजून विसरता येत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी पिल्लू आहे किंवा यायचंय, त्यांनी लिहून घ्या. पहिला दात दिसला की ब्रश सुरू. दिवसातून दोनदा, त्यातही रात्रीचा चुकवायचा नाही. त्यानंतर फक्त पाणी. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराईडची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांसारखं तुमच्याकडेही बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश आपल्याच हाताने. पहिल्या वाढदिवसाच्या आत डेंटिस्टची पहिली भेट. आणि झोपेतली बाटली बंद. क्लायंट थांबेल पाच मिनिटं.

परवा माझं रूट कॅनाल झालं. बायको आणि चिमणी दोघी सोबत आल्या होत्या. मी खुर्चीत घट्ट डोळे मिटून पडलेलो, तर बाजूने आवाज आला, "बाबा, आ कर बरं. मोठ्ठा!"

येताना कोपऱ्यावरून पेरू घेतला. चिमणीला पुढच्या दातांनी चावता येईना. मग शर्टाचं टोक धरलं आणि अजून बऱ्या असलेल्या बाजूने कचकन तुकडा तोडून दिला. उष्टा? असेल थोडा. चालतंय.

तुमची दाढ काय म्हणते? नेक्स्ट क्वार्टर?