भिजलेला मीटर आणि सुटा झालेला सेल



कळसच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सायकलवरून वालचंदनगरच्या बाजूला कामाला जातो. पैसे साठवून त्याने गिअरची जुनी सायकल घेतली. तिच्या हँडलवर आकड्यांचा छोटा मीटर आहे. वेग, आजचे अंतर, आजवरचे एकूण अंतर, सारे त्यावर दिसते. पावसात ओढ्याच्या फरशीवर सायकल आडवी झाली आणि मीटर पाण्यात गेला. काचेत वाफ धरली, आकडे अर्धेच उमटू लागले. वडील म्हणतात, फेकून दे. शेजारी म्हणतात, तांदळाच्या डब्यात घाल. मुलाने तो खोलला आणि आतला सेल ओट्यावरच्या वाटीत ठेवला. मीटर दुरुस्त होईल का, असे ताई विचारतात. आणि जाता जाता लिहितात, की घरात दीड वर्षाची नात आहे आणि तिला ती चकचकीत चकती फार आवडते.

ताई, हा अंक हातातून खाली ठेवा आणि आधी तो सेल उचलून कुलपात ठेवा. मीटरचे नंतर बघू.

सायकलच्या मीटरमध्ये बहुधा सीआर २०३२ जातीचा सेल असतो. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. लहान लेकराने तो गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या एका बाजूला तीव्र अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा पदार्थ तयार होतो. तो आतले मांस जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल ‘संपलेला’ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मीटर चालवण्याची ताकद त्यात उरली नसेल, पण गळा जाळण्याइतकी असते. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तसाच घातक आहे.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघू नका. लाळ गळते, खोकला येतो, लेकरू जेवण नाकारते. कधी कधी तर काहीच दिसत नाही. ओकारी काढायला लावू नये. केळे, भाकरी, पाणी देऊन ‘खाली ढकलण्याचा’ उद्योग तर मुळीच करू नये. लेकरू एक वर्षाच्या वरचे असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जळण्याचा वेग थोडा कमी होतो. मात्र मध हा उपचार नव्हे, आणि मध शोधण्यात एक मिनिटही घालवू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये. १०८ ला फोन करा, आणि जिथे एक्स-रे आहे, दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे, अशा मोठ्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना ‘नाणे गिळले असेल’ असे सांगू नका, ‘बटन सेल’ हेच शब्द सांगा. एक्स-रेत नाणे आणि सेल दोन्ही गोल दिसतात. जाणत्या डॉक्टरांना सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, पण तुम्ही आधीच सांगितले तर वेळ वाचतो.

आता मीटरकडे येऊ. तो फेकण्याची घाई करू नये. बारामती-इंदापूरचा भाग तसा पर्जन्यछायेचा, पण १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आणि २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला तेव्हाचे पाणी कोण विसरेल? भिजलेल्या वस्तूंचा प्रश्न आता आपल्याकडेही घरोघरी येतो.

मुलाने सेल आधी काढला हे उत्तम केले. नुसत्या पाण्याने यंत्र फारसे बिघडत नाही. ओढ्याच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो, त्यातून सेलची वीज भलत्या वाटेने वाहते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. आत हिरवट बुरशीसारखे दिसते ते हेच. म्हणून मीटर भिजला की बटणे दाबून ‘चालतो का’ हे पाहू नये. एकूण अंतराचा आकडा दिसत असेल तर तेवढा कागदावर उतरवावा, कारण काही मीटरांत सेल काढला की तो पुसला जातो. मग लगेच सेल बाहेर.

तांदळाचे म्हणाल तर तो समज आता सोडून द्यावा. मोकळ्या हवेपेक्षा तांदूळ जास्त पाणी ओढत नाही, उलट त्याचा भुगा फटीत जाऊन बसतो. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असे सांगितले. शेजारी सांगतात, सगळे करतात, एवढ्यावर एखादी गोष्ट खरी ठरत नाही. चुलीजवळ, कडक उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रापुढेही ठेवू नये. तापला की आकड्यांची काच काळी पडते.

मीटरच्या मागे स्क्रू असतील तर ते काढून झाकण उघडावे. आत गाळ गेला असेल तर पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने, तो धुवावा. हो, आधीच भिजलेली वस्तू पुन्हा धुवायची! या पाण्यात क्षार नसतात, ते घाण घेऊन निघून जाते. कॅनवर ॲसिड लिहिलेले नाही ना, हे मात्र वाचून घ्या. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए नावाचे स्पिरिट असते. मऊ ब्रशने ते पट्टीवर फिरवले तर उरलेले पाणी उडून जाते. ते काचेला लावू नये आणि विस्तवाजवळ वापरू नये. सॅनिटायझर चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

मग दोन दिवस सावलीत, पंख्याखाली, उघडा ठेवावा. नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर त्यांच्यासह घट्ट डब्यात ठेवला तरी चालेल. या पुड्याही लेकराच्या हाती देऊ नयेत.

सेल जिथे टेकतो ते पत्रे काळवंडले असतील तर शाळेच्या खोडरबरने घासावेत. आकडे अर्धेच उमटतात त्याचे कारण बहुधा काच आणि पट्टी यांच्यामध्ये असलेली बारीक रबरी पट्टी. ती अलगद पुसून सरळ बसवली की आकडे पुरे येतात. झाकणाखालची रबरी रिंग तुटली असेल तर नवी घाला, आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको.

जीपीएसवाले, चार्जिंगचे मीटर बंद पेटीचे असतात. ते स्वतः फोडू नयेत आणि पुरते वाळेपर्यंत चार्जरला लावू नयेत. पेटीवर ‘आयपीएक्स ७’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ एक मीटर खोल संथ पाण्यात अर्धा तास टिकेल इतकाच. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा ही वेगळीच गोष्ट आहे.

काच स्वच्छ झाली, आकडे आले, पण वेग शून्यच राहिला तर दोष चिमट्यावरच्या सेन्सरमध्ये शोधावा. चाकाच्या तारेला लोहचुंबक असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो सेन्सरसमोरून जातो, आतल्या काचेच्या नळीतल्या दोन पात्या क्षणभर चिकटतात आणि मीटर एक फेरा मोजतो. अमेरिकेतल्या कर्टिस वीडर यांनी १८९५ मध्ये फेरे मोजणारा मीटर काढला तेव्हा तारेवरची खुंटी दातेरी चाकाला टिचकी मारीत असे. युक्ती तीच आहे. ती नळी बंद असल्याने सहसा पाण्याने मरत नाही. चुंबक हलला असेल, वायर तुटली असेल किंवा मीटरखालच्या टेकणीचे पत्रे गंजले असतील. बिनतारी सेन्सरला स्वतःचा सेल असतो. तोही काढताना वर सांगितलेली काळजी घ्यावी.

जुना सेल बदलल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा, केरात टाकू नये.

सेल बदलला की चाकाचा घेर मीटरमध्ये पुन्हा भरावा लागतो. चाकाच्या व्हॉल्व्हची जागा जमिनीवर खडूने खुणावा. मुलाने सायकलवर बसावे, म्हणजे टायर वजनाने दबेल, आणि एक पुरा फेरा सरळ जावे. पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मिलिमीटरमध्ये मोजा. हा आकडा मीटरात घाला. कागदावर लिहून ठेवलेले जुने अंतर भरण्याची सोय पुष्कळ मीटरांत असते. नसेल तर ते वहीत लिहून ठेवावे आणि पुढचे त्यात मिळवीत जावे.