समान पाळी की समान वेळ?

ग्वाल्हेर, इंदूर वा बडोदे येथील जुन्या वाड्यांतून राहणाऱ्या वाचकांस हा अनुभव नवा नसावा. वायफायची पेटी दिवाणखान्यात, तिच्याशेजारी बसून मुलाचा अभ्यास सुरळीत चाललेला. इतक्यात माजघरापलीकडच्या खोलीत दुसरा कोणी मोबाइल उघडतो आणि पेटीला खेटून बसलेल्याचेही काम अडखळू लागते. दोष अर्थातच कंपनीच्या माथी! पुष्कळदा मात्र कारण घरातच असते.

बिनतारी जाळ्यात मजकुराची लहान लहान पाकिटे करून ती एकेक धाडली जातात. हवा सर्वांची एकच, तेव्हा एका वेळी एकानेच बोलावयाचे. पाळी लावून देणारा पंतोजी तेथे सहसा नसतो. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, सामसूम वाटली की मनास येईल तितके क्षण थांबते आणि मग बोलते. सरासरीने सर्वांस सारख्याच पाळ्या मिळतात. न्याय्यच नव्हे काय?

थोडे गणित करू. 1999 साली ठरलेल्या 802.11-बी या पद्धतीत जवळचे यंत्र सेकंदास 11 मेगाबिट या वेगाने बोलते. जाड भिंतीआडचे यंत्र चुका टाळण्यासाठी वेग उतरवीत 1 मेगाबिटवर येते. 12,000 बिटांचे पाकीट पहिल्यास सुमारे 1.1 मिलिसेकंद घेते, दुसऱ्यास 12. पाळ्या सारख्या, म्हणून 13.1 मिलिसेकंदांत दोघांचे एकेकच पाकीट जाते. इतर खर्च सोडला तरी प्रत्येकाच्या वाट्यास 0.92 मेगाबिट! चपळ गड्याची चपळाई मातीमोल झाली. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी 2003 साली हा विपरीत प्रकार सप्रमाण मांडला.

पाळीऐवजी वेळ सारखा वाटला तर? जवळच्यास 5.5 मेगाबिट मिळतात, दूरच्यास 0.5. एकूण वाहतूक तिपटीहून अधिक होते. परंतु दूरच्याचे जवळजवळ निम्मे जाते, हेही लपवून चालणार नाही. 2017 साली स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी अशी वेळवाटणी लिनक्स प्रणालीत प्रत्यक्ष करून दाखविली.

आमचा कौल समान वेळेच्या बाजूस आहे. तो देताना जीव थोडा कचरतो, कारण आतल्या खोलीत बहुधा परीक्षेचे पोर नाही तर दूरच्या लेकीशी बोलणारी आजी बसलेली असते. तथापि त्यांची मंद गती हा वाटणीचा दोष नव्हे, तो भिंतीचा आहे, आणि वाटणीने तो निघणार नाही. पेटी रस्त्याकडील खिडकीतून उचलून माजघरात, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावी. आतल्या यंत्राचा वेग 1 वरून 5.5 वर चढला तर त्याचे पाकीट 12 ऐवजी 2.2 मिलिसेकंदांत आटोपते. मग जुन्या समान पाळीनेसुद्धा दोघांस साडेतीन मेगाबिटांहून अधिक मिळतात. वायर थोडी लांब लागेल, एवढेच.