कार्तिकात समुद्र पाहायला जावं का?



दिवाळीच्या फराळाचे डबे एव्हाना तळाला गेले असतील. चार महिने कसे गेले ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आषाढापासून नियम, मग दशलक्षण, पारणी, घराची झाडलोट, महावीर निर्वाणाचा लाडू आणि पाठोपाठ कार्तिकातली अष्टान्हिका. पौर्णिमा झाली की घर एकदम शांत होतं. या वेळी मुनिसंघ विहाराला निघालेले असतात. मग घरातल्या बाईने चार दिवस बाहेर पडायला काय हरकत आहे?

माझं मत असं की कार्तिक वद्य पक्षात, म्हणजे शरदाच्या अगदी शेवटच्या पंधरवड्यात, सोलापूरच्या आपल्या बायकांनी एकदा तरी समुद्रकाठच्या जुन्या गावी जावं. मी अलिबाग, चौल आणि रेवदंडा सुचवीन. तीर्थयात्रेला जोडून नाही, कुणाच्या लग्नाला म्हणून नाही, फक्त ऋतू पाहायला.

हे म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "अगं, कोकणात सगळीकडे मासळी. आपलं तिथे कसं व्हायचं?" सासूबाई हे म्हणतात आणि शिकलेल्या सुनाही म्हणतात. आपण नियम पाळतो म्हणून आपल्याला जाता येत नाही, असं आपण धरूनच चालतो.

याला उत्तर अलिबागजवळच मिळतं. तिथून थोड्या अंतरावर नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातून वाचलेली सात जोडपी इथे राहिली. पुढे कुलाब्याच्या गावागावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, काम बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. बोली मराठी, नेसण मराठी, आडनावं गावावरून पडलेली. पण शनिवार सोडला नाही आणि खाण्याचे नियमही सोडले नाहीत. मासळी खात, पण पंख आणि खवले असलेलीच. शेकडो वर्षं मूठभर माणसं परक्या किनाऱ्यावर आपला नियम सांभाळून राहिली आणि शेजाऱ्यांशी गोडीनेही राहिली. 1948 नंतर पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, तरी अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं प्रार्थनामंदिर अजून उभं आहे. आपल्याला तर तिथे चारच दिवस काढायचे आहेत!

दुसरं म्हणणं असतं, समुद्राशी आपला काय संबंध? आपण ज्वारीच्या मुलखातली माणसं. पण मैत्रिणींनो, शेठ वालचंद हिराचंद आपल्याच सोलापुरात, आपल्याच समाजात 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मले. त्यांनी भागीदारांबरोबर 1919 मध्ये सिंदिया कंपनी काढली आणि त्या वर्षी 5 एप्रिलला त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. ती तारीख आज देशभर सागरी दिन म्हणून पाळतात. सोलापूरच्या जैन घरातला मुलगा इंग्रजी कंपन्यांसमोर जहाज घालू शकतो, आणि आपण किनाऱ्यावर उभंही राहायचं नाही?

आता तिथे पाहायचं काय ते सांगते. चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचं शांत गाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात या बंदराचं नाव येतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी कोट बांधला, तो 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. कोटाच्या तटातून वाट थेट पुळणीवर निघते. सातखणी बुरुज अर्धा पडला आहे, तरी लांबून दिसतो. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. पावसाळ्यात हिरवागार असलेला हा डोंगर या दिवसांत पिवळसर होऊ लागतो. भात कापून झालेलं असतं आणि त्याच ओलीवर लोक वाल पेरतात. आपल्याकडे त्या वेळी रब्बीची ज्वारी वाढत असते. एकाच महाराष्ट्रातले हे दोन कार्तिक पाहण्यासारखे आहेत.

अलिबागला समुद्रात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला चालत जाता येतं. इथे आपलं पंचांग कामी येतं. कोळी लोकांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे किंवा मागे. वद्य द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. पौर्णिमेनंतरच्या त्या दोन-तीन दिवसांत पाणीही खूप आत जातं. अष्टमीला मात्र भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. अष्टमी-चतुर्दशी तोंडपाठ असलेल्या आपल्या बायकांना याहून सोपं काय? तरी निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावं आणि पाणी फिरायच्या आत परतावं.

घोडागाडीही पाण्यातून नेते. पण जनावराला पाण्यातून हाकण्यापेक्षा पाय चालत असतील तर चालतच जावं. ओहोटीच्या खडकांवर गोगलगायी असतात, बोटाच्या पेराएवढे खेकडे असतात. चार हात पुढची जमीन पाहून चालावं, हे ईर्यासमितीचं वर्णन आपण प्रवचनात ऐकतो. इथे ते पावलापावलाला करावं लागतं. शंख-शिंपले पिशवीत भरून आणू नयेत. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात पुष्कळदा खेकड्याने घर केलेलं असतं.

खाण्याचं म्हणाल तर तयारी घरून करायची. आपल्याकडे पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात दिवस धरतात. कार्तिक पौर्णिमेनंतर सात दिवसांची सवड मिळते, हे प्रवासाला सोयीचंच. कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी, खाखरे, पाणी गाळायचं फडकं एवढं घेतलं की निम्मी काळजी मिटली. नागाव-चौलकडे घरगुती जेवण देणाऱ्या बायका आहेत. कांदा-लसूण-बटाटा नको, जेवण सूर्यास्ताआधी हवं, हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगावं. तांदळाची भाकरी, ओलं खोबरं, कोकमाचं सार यात कुठला कंद आहे? रस्त्याकडेला अलिबागच्या प्रसिद्ध पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या तर नुसत्या पाहून पुढे जायचं. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला जेवून पुळणीवर बसलं की दिवेलागणीच्या वेळी कुणी "भाजी काय करू?" असं विचारणारं नसतं. निम्मा आनंद तर त्यातच आहे.

मासळीचा वास येणार, ती वाळत घातलेली दिसणार. तिथे नाकाला पदर लावून चालणं मला पटत नाही. अहिंसा हा माझ्या ताटाचा आणि माझ्या पावलांचा नियम आहे. पहाटेपासून टोपली डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या कोळणीला तुच्छ लेखायचा परवाना तो मला देत नाही. तिचा जीव दुखावला तर तीही हिंसाच. तिचं खाणं मला मान्य नसलं तरी तिला नमस्कार करायला काही अडचण नाही.

जपानमध्ये समुद्रकाठी कामाकुरा नावाचं जुनं गाव आहे, एके काळी सत्तेचं ठिकाण. शरदात तिथली माणसं देवळांच्या आवारात लाल झालेली मॅपलची पानं पाहायला मुद्दाम जातात. त्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. तिथल्या एका मठाचं शाकाहारी सूप प्रसिद्ध आहे, पण त्यात मुळा-गाजर असतं, म्हणजे आपल्याला तेही चालायचं नाही! घ्यायचं ते एवढंच, की ऋतू पाहणं हे त्यांना कामच वाटतं, चैन वाटत नाही. आपला शरद मात्र आधी ऑक्टोबरच्या उन्हात आणि मग तळणीपुढे संपून जातो.

जायचं कसं? रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. पावसाळ्यात बंद असलेल्या लाँचा तेव्हा पुन्हा सुरू झालेल्या असतात. गाडीने जायचं तर पुणे, खोपोली, पेण. चार-पाच जणी मिळून गेलात तर खर्चही विभागतो आणि घरच्यांना काळजीही राहत नाही.

घरी कुणी विचारलंच, "तिथे काय आहे तुझं?" तर वाद घालू नका. चार दिवसांचं पीठ दळून ठेवा, देवदर्शनाची वेळ ठरवून घ्या आणि तिकीट काढा. नियम बरोबर नेता येतात. ते घरीच सांभाळले जातात असं मानलं, तर ते आपले नाहीत, घराच्या भिंतींचे आहेत.