हशाची जागा राखणारा
नाशिकमधल्या अंबडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून घरी आलेला कामगार जेवताना ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हा विनोदी कार्यक्रम लावतो, तेव्हा अभिनेते समीर चौघुले त्याला दिसतात. संकलक दिसत नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणातून परीक्षकांच्या चेहऱ्यावर केव्हा जायचं, हशा किती वाहू द्यायचा, पुढचं वाक्य त्यात बुडू न देता कुठे जोडायचं, हे तोच ठरवतो. निमिषभर घाई झाली तरी विनोद पडतो. अंबडजवळ, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे; तेही संकलक होते. ‘राजा हरिश्चंद्र’चं (1913) संकलन त्यांनी स्वतः केलं होतं, आणि ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपटही त्यांचाच. इतकं महत्त्वाचं काम करणाऱ्या संकलकाचं नाव वाहिन्यांनी निदान वाचता येईल इतका वेळ तरी पडद्यावर ठेवावं.