मलकपेठमधले चौदा गज

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण मराठीत म्हणतो. घरातली कन्नड बाजू म्हणते, 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.' हैद्राबादला गेलात तर तेलुगू शेजारीण तेच ऐकवेल, 'इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु.' तीन भाषांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर क्वचितच झालं असेल. पण दुसऱ्याने बांधलेल्या आणि तिसऱ्याने वापरलेल्या इमारतीतली एक खोली विकत घ्यायची तर काय पाहावं, हे यातली एकही म्हण सांगत नाही.

आमच्या घरात हा प्रश्न गेल्या महिन्यात आला. माझ्या आतेबहिणीची मुलगी हैद्राबादला नर्स आहे. सहा वर्षं तिने लेडीज हॉस्टेलात काढली. आता तिने एक जाहिरात धाडली : 'मलकपेठ, शांत वस्ती, को-ऑपरेटिव्ह सोसायटीत स्टुडिओ अपार्टमेंट विकणे आहे.' स्टुडिओ म्हटल्यावर भावोजींना फोटोग्राफरचं दुकान आठवलं. प्रत्यक्षात तो आपला जुना 'वन रूम किचन'च, फक्त मधली भिंतसुद्धा नाही. एकाच खोलीत ओटा, पलंग आणि टेबल, कोपऱ्यात न्हाणीघर. मुंबईच्या चाळीत याला नुसतं खोली म्हणत आणि तिच्यात सहा माणसं राहत.

मलकपेठ आपल्या बीदरकरांना परकं नाही. १९५६ पर्यंत बीदर, गुलबर्गा, नांदेड, उस्मानाबाद ही सगळी हैद्राबाद संस्थानातली, पुढे राज्यातली. कोर्ट, कॉलेज, दवाखाना, सगळ्याची वाट तिकडेच जायची. मराठी पोरांना विवेकवर्धिनी, कन्नड पोरांना काचीगुड्याची नृपतुंग, आणि दोन्ही घरांचा भाजीबाजार एकच. आजही आपली बस महात्मा गांधी बसस्थानकात उतरवते आणि तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मलकपेठ. २०१८ साली ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून इथल्या एकेका खोलीला भाव आला.

आता 'शांत वस्ती'. हमरस्त्यावर डोक्यावरून मेट्रो, खाली दिलसुखनगरची गर्दी, एका अंगाला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, दुसरीकडे कांद्याचा बाजार. त्या बाजारात कर्नूलकडचा कांदा येतो तसा महाराष्ट्रातलाही. मात्र आतल्या गल्लीत वळलात की जाहिरात खोटी नाही. दुपारी कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नव्हता. जवळच्या मुसारामबागेच्या नावातला 'मुसाराम' म्हणजे निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सरदार रेमंड, १७९८ साली वारलेला. मशे रेमंडचा लोकांनी मुसाराम केला. असो.

खरी गंमत झाली ती 'को-ऑपरेटिव्ह' या शब्दावर. पुण्याचे काका म्हणाले, ''शेअर सर्टिफिकेट पाहा, सोसायटीची थकबाकी नाही असा दाखला घ्या.'' कलबुर्गीचे दोड्डप्पा म्हणाले, ''ते सगळं राहू दे, खाता कुणाच्या नावावर आहे?'' दोघेही आपापल्या राज्यात बरोबर, आणि मलकपेठेत दोघांचाही फारसा उपयोग नाही.

सहकारी घराची कल्पना मुळात आपल्याच मुलखातल्या माणसांनी रुजवली. बंगळुरात १९०९ साली गृहनिर्माण सहकारी सोसायटी निघाली. मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ मध्ये सारस्वत सोसायटी उभी केली. ती उत्तर कन्नडातून नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या चित्रापूर सारस्वतांची. तिथली कल्पना अशी की जमीन आणि इमारत सोसायटीची, सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क. महाराष्ट्रात आजही फ्लॅट विकताना सभासदत्व बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी सोसायट्या वाटेल तितका प्रीमियम मागत, म्हणून सरकारने २००१ मध्ये त्यावर २५ हजारांची कमाल मर्यादा घातली.

हैद्राबादेत मात्र 'को-ऑपरेटिव्ह' म्हटलं की बहुधा प्लॉट वाटणाऱ्या सोसायट्या आठवतात. ज्युबिली हिल्स हे त्यातलं बडं नाव. फ्लॅटच्या इमारतीला तिथे वेगळा कायदा आहे, १९८७ चा, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचा. या पद्धतीत प्रत्येक फ्लॅटवाल्याच्या खरेदीखतातच जमिनीचा अविभाज्य हिस्सा लिहिलेला असतो आणि तो गजात असतो. फ्लॅटवाल्यांची मंडळी जमवून जी 'सोसायटी' होते, ती पाण्याची मोटार, लिफ्ट आणि वॉचमनचा पगार पाहते. जाहिरातीतली को-ऑपरेटिव्ह सोसायटी नेमकी अशी निघाली.

म्हणून खोलीच्या फरशीपेक्षा खरेदीखतातला गज आधी वाचायचा. आमच्या या खोलीचा हिस्सा चौदा गज. गज म्हणजे इथे चौरस वार, नऊ चौरस फूट. म्हणजे १२६ फूट जमीन. आपल्या हिशेबात १२१ गजांचा एक गुंठा, त्यात असे आठ-साडेआठ जण बसतील. हसू येईल, पण तीस वर्षांची इमारत उद्या पाडून बांधायची ठरली तर बिल्डर या गजांकडे पाहणार, तुमच्या टाइल्सकडे नाही.

याहून नाजूक गोष्ट पुढची. एक खोलीचे हे फ्लॅट नेहमी नकाशात असतातच असं नाही. कुठे वॉचमनची खोली, कुठे पार्किंगचा कोपरा, कुठे गच्चीवरची पत्र्याची शेड, तिला न्हाणीघर जोडलं की झाला स्टुडिओ. त्याला जमिनीचा हिस्सा दोन-तीन गज किंवा शून्य. अशी बांधकामं नियमित करण्याची योजना तेलंगणात २०१५ मध्ये निघाली आणि प्रकरण हायकोर्टात अडकलं. तेव्हा 'अर्ज केलाय' म्हणून कुणी पावती दाखवली तर ती पावतीच आहे, मंजुरी नव्हे. मंजूर नकाशा मागावा, त्यावर बोट ठेवून ''ही खोली कुठे आहे?'' एवढंच विचारावं. मालकीणबाई भल्या निघाल्या. निवृत्त बाई, मूळच्या भालकीच्या, माझ्याशी मराठीत आणि भावोजींशी कन्नडमध्ये बोलत होत्या. नकाशा ट्रंकेतून काढून दिला. खोली होती, पहिल्या मजल्यावर, फ्लॅट म्हणूनच.

पाण्याबद्दलही विचारलं. नळाच्या नाही, मुसीच्या. नदी इथून लांब नाही. १९०८ च्या सप्टेंबरातला पूर पुस्तकात वाचलेला. २०२५ च्या सप्टेंबरात तर पाणी थेट बसस्थानकात शिरलं. बाई म्हणाल्या, गल्ली उंचावर आहे, अजून तरी पायरी ओलांडलेली नाही. खालच्या किराणा दुकानदारालाही वेगळं विचारून घेतलं. त्याला काही विकायचं नव्हतं.

आता अडलंय ते नावावर. भावोजींचं म्हणणं, कर्ता माणूस म्हणून खत त्यांच्या नावे व्हावं, उद्या मुलीचं लग्न झालं की गुंता नको. आतेबहीण म्हणते, दोघांचं घाला. मुलगी म्हणते, ''मामा, हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार, मग नाव कुणाचं?'' मी तिच्या बाजूने बोललो आणि दोन दिवस भावोजींनी माझा फोन उचलला नाही. लग्न झालं म्हणून स्वतःच्या कमाईचं घर मुलीकडून कुठे जात नाही, गुंता होतो तो बापाच्या नावावर असल्याने, पुढे भावंडांच्या वाटणीत. हे त्यांना वकिलाने सांगितलं तर पटेल, मेहुण्याने सांगून पटणार नाही.

इसार अजून दिलेला नाही. मालकीणबाई त्याला हैद्राबादी थाटात 'बयाना' म्हणतात, दोड्डप्पा 'मुंगड'. अमावास्येनंतर देऊ, असं भावोजी म्हणालेत. मुलगी मात्र काल एकटीच बँकेत जाऊन कर्जाचा फॉर्म भरून आली आहे. फॉर्मवर नाव एकच आहे म्हणे.